अडीचशे शब्दांचा चार्ज

"नॉर्मल म्हंजे तू बगितलंस नाय."

काकांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठ दिवस झाले होते. मोहोपाड्याजवळची केमिकल कंपनी, मी पहिल्या पाळीची शिफ्ट ऑफिसर, आणि ते दुसऱ्या पाळीचे इन्चार्ज, सगळ्या कंपनीचे काका. पाळी संपताना मी लॉगबुकात सुवाच्य अक्षरात 'सर्व नॉर्मल' असं लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं आणि वही माझ्याकडे परत सरकवली. मी इंजिनिअर, ते दहावीनंतर ऑपरेटर म्हणून लागून चढत चढत वर आलेले. मला भयंकर राग आला. पण दोन वाजून गेले होते, कंपनीची बस निघायला आली होती आणि काका खुर्चीवर बसायला तयार नव्हते. चार्ज नीट मिळाल्याशिवाय ते खुर्चीवर बसत नसत.

चार्ज म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हाती प्लांट सोपवणं. आमच्याकडे बहुतेक जण हे काम चालता चालता उरकत. "दोन नंबर रिअॅक्टरला बॅच चालू आहे, तीन नंबर धुवायचाय, चला, येतो." काकांचं तसं नव्हतं. त्यांचा स्वतःचा स्टीलचा पेला होता. थर्मासमधला वाफाळता चहा ते पेल्यात ओतून घेत, टेबलावर ठेवत आणि मग चार्ज सुरू होई, देण्याचा असो की घेण्याचा. चहावर साय धरायच्या आत चार्ज संपला पाहिजे असा त्यांचा नियम होता. साय धरली तर सांगणारा फापटपसारा सांगतोय, आणि चहा पिण्याइतका निवायच्या आतच गप्प झाला तर काहीतरी लपवतोय.

रात्री दहाला त्यांनी तिसऱ्या पाळीला दिलेला चार्ज ऐकायला इतर खात्यांतली माणसंही रेंगाळायची. ते कधी पाळीच्या पहिल्या मिनिटापासून सुरुवात करत नसत. "साडेसहाला मी जिन्यावर होतो, हातात मिरचीची भजी, तेवढ्यात तीन नंबरचा पंप कण्हला," असं काहीतरी सुरू व्हायचं. मग पंप का कण्हला, कुणी काय केलं, कुणी काय केलं नाही, आणि आत्ता तो कसा आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं की आपणच तिथे होतो. शेवटी ते न चुकता थांबून विचारायचे, "आन् बाकी काय?" हा प्रश्न ते दुसऱ्याला तसा स्वतःलाही विचारत आणि राहिलेलं काम सांगून टाकत.

ही खोड कंपनीपुरती राहिली असती तरी पुरे होतं. पण काका कुठेही चार्ज देत. एकदा आम्ही कंपनीतले चार-पाच जण कुणाच्या तरी साखरपुड्याहून एसटीने येत होतो. चौक गावाला काका उतरायला उठले आणि त्यांच्या जागेवर एक अनोळखी बाई बसू लागल्या. काका दांड्याला धरून त्यांना म्हणाले, "बाई, खिडकी अर्धीच उघडते, जोर लावू नका, बोट चेंगरंल. ऊन पनवेलपतुर याच बाजूला राहील. म्होरला माणूस झोपला की मागं कलतो, पिशवी पायाशी ठेवा." कंडक्टर घंटी मारतोय, आणि बाई मान डोलावून ऐकतायत! आम्ही खाली माना घालून हसत होतो.

त्यांच्या मुलीच्या लग्नात तर कहरच झाला. मुलीची पाठवणी, बायकांची रडारड चाललेली, आणि काका मुलीच्या सासऱ्यांना हाताला धरून मांडवाच्या कडेला घेऊन गेले. मी जवळच उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "हिला वांगं आवडत नाय, पण सांगणार नाय, गप खाईल. रागावली की बोलत नाय, डोकं दुखतं म्हनते. तेव्हा खरंच दुखत असतं, गोळी द्या. हिसाबात हुशार हाय. विहिरीची भीती वाटते, लहानपणी पडली होती. बाकी काय?... बाकी काय नाय." सासरे आधी हसत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. काकांचे डोळे मात्र कोरडे होते, चार्ज देताना त्यांचं सगळं लक्ष सांगण्यात असायचं.

मला ते 'मॅडम' म्हणत, आणि रागावले की 'पोरी'. मला दुसरंच जास्त बरं वाटायचं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. कर्जतच्या पुढे आमचं गाव. बाबा नोकरी सांभाळून भात लावणारे. मला कंपनीत राहून मॅनेजरच्या खुर्चीकडे दहा-पंधरा वर्षं बघत बसायचं नव्हतं. मला मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये जायचं होतं. मी परीक्षा दिली, मार्क चांगले पडले, अर्ज केला आणि नकार आला. घरी लग्नाचं चाललंच होतं. बाबा म्हणाले, "आनखी एक साल घे. मग मातर आमी म्हणू तिथं." बाबा वाईट नाहीत. त्यांनी त्यांच्या परीने सवलत दिली होती. पण माझ्या हातात तेवढं एकच वर्ष होतं.

अर्जात निबंध लिहायचे होते, छोटे छोटे. त्यातला एक विषय असा: आपल्या हातून झालेली एक चूक सांगा आणि तिने आपल्याला काय दिलं ते लिहा. शब्दमर्यादा अडीचशे. पुण्याच्या मावसभावाने मला आठ-दहा नमुने पाठवले होते. ते वाचून मी एक झकास निबंध तयार केला. लहानपणापासून मला नेतृत्वाची आवड, संघभावना, आणि माझी चूक अशी की मी कामात परिपूर्णतेचा इतका आग्रह धरते की कधी कधी स्वतःच्या तब्येतीकडे दुर्लक्ष होतं.

तो कागद मी कंट्रोल रूममध्ये वाचत बसले होते, तेव्हा काका लवकर आले. त्यांना रिटायर व्हायला दोन-अडीच महिने उरले होते. "काय गं, परीक्षा हाय का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. इंग्रजी त्यांना लॉगबुकापुरतं यायचं. पेल्यात चहा ओतत ते म्हणाले, "मराठीत सांग बगू."

मी मराठीत सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला माझी मलाच लाज वाटू लागली. इंग्रजीत जे भारदस्त वाटत होतं ते मराठीत एखाद्या पुढाऱ्याने शाळेच्या गॅदरिंगला ठोकलेल्या भाषणासारखं निघालं. 'लहानपणापासून' संपून मी कंपनीपर्यंत पोचले तोवर चहावर चांगली जाड साय धरली होती. काकांनी ती बोटाने बाजूला केली.

"ही चूक नाय," ते म्हणाले. "असलं लग्नाच्या बायोडाट्यात लिवतात. मुलीला घरकामाची आवड हाय, तसं."

"मग काय लिहू?"

"मला काय इचारतेस? चार्ज दे. कुटं उभी होतीस? हातात काय होतं? काय बिघडलं? ते लोक तिकडं चार्ज घेनारे हायेत ना? त्यांना तुजी शिकवण नको. घेनारा खुळा नसतो, त्याचं त्याला कळतं."

मी तो कागद घडी करून ठेवला. कारण माझ्याजवळ चूक होती आणि ती काकांना माझ्याइतकीच ठाऊक होती.

झालं होतं असं. दीड वर्षापूर्वीची गोष्ट, मी अजून प्रोबेशनवर होते. पहिली पाळी. दुपारी बाराच्या सुमाराला दोन नंबरची बॅच फार थंड व्हायला लागली म्हणून मी वर प्लॅटफॉर्मवर जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने अर्धा बंद केला. अर्ध्या तासाने परत उघडायचा होता. तेवढ्यात घरून फोन आला की पाहुणे बघायला येणार ते आजच, चार वाजता येतायत. मी डबा खाल्ला नाही, केस बांधले, घड्याळ बघत बसले. व्हॉल्व्ह डोक्यातून पार गेला. दोनला काका आले तेव्हा मी दारात उभी राहूनच म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे काका," आणि बसकडे पळाले. आणि काका, जे कुणालाही नॉर्मल म्हणू देत नसत, ते त्या दिवशी नुसतं म्हणाले, "जा, पळ."

तासाभराने बॅच तापायला लागली. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर पाण्याची मुख्य लाइन व्यवस्थित दिसत होती, त्यामुळे कारण कळेना. काकांनी सगळ्यांना बाहेर मैदानात काढलं आणि स्वतः दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढून हाताने पाइप चाचपत तो व्हॉल्व्ह शोधला. कुणाला काही झालं नाही. बॅच काळी पडली, फेकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही दोघे उभे होतो. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मॅडमनी चार्ज नीट दिला होता, साहेब. व्हॉल्व्ह अर्धा बंद हाय हे सांगितलं होतं. माज्याच ध्यानातनं गेलं."

मी गप्प राहिले. नोकरी जाईल ही भीती होती, हे खरं आहे, पण ते सांगून माझं वागणं बरं ठरत नाही. काकांना मेमो मिळाला. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. तोवर आपली फाईल कोरी आहे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. त्यानंतर त्यांनी ते कधी सांगितलं नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मीही विषय काढला नाही. दीड वर्ष आम्ही रोज दोन वाजता समोरासमोर उभे राहत होतो आणि हे एवढं सोडून सगळं बोलत होतो.

त्या रात्री घरी मी नमुन्याचे कागद बाजूला ठेवले आणि चार्ज लिहिला. 'मी दारात उभी होते. एक पाय बाहेर होता.' अशी सुरुवात केली. नेतृत्व, लहानपण, संघभावना, सगळं गेलं. मोजले तर दोनशे एकेचाळीस शब्द झाले. शेवटी काकांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी ती घेऊ दिली, इथे मी थांबले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी काकांना तो मराठीत सांगितला. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. मी संपवलं तेव्हा चहा नुकता पिण्याजोगा झाला होता.

"यात अर्धी चूक माजी हाय, ती तू लिवली नाय," ते म्हणाले.

"तुमची कसली?"

"मी इचारलं नाय ना. घेनाऱ्यानं इचारायचं असतं. बसच्या डायव्हरनं मला सांगितलं होतं, आज पोरीला बघायला येनार हायेत. म्हनलं जाऊ दे, एक दिवस. तू नॉर्मल म्हनालीस आन् मी ते घेतलं. मग मेमो कुनाला पायजे होता?" त्यांनी घोट घेतला. आणि मग, निव्वळ सवयीने, ते बोलून गेले, "आन् बाकी काय?"

तो प्रश्न तोंडातून निघाल्याबरोबर त्यांना तो मागे घ्यावासा वाटला असावा. "काय नाय बाकी. बेस झालाय. पाठव," ते घाईघाईने म्हणाले. पण मला बाकी काय आहे ते दिसलं होतं. तो मेमो अजून त्यांच्या फाईलमध्ये होता, आणि मी त्यांच्याच चांगुलपणाची गोष्ट लिहून कॉलेजात जायला निघाले होते. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटलेली नाही.

मी तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेब सह्या करता करता ऐकत होते. मधेच त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते दोन महिन्यांत रिटायर होतील, तुम्हीही जाल. आता कशाला उकरून काढता?" ते म्हणाले. मी म्हटलं, मला लेखी द्यायचंय. साहेबांनी सुस्कारा सोडला. मेमो फाईलमधून काढता येणार नव्हता, रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. पण माझं पत्र त्याच्या खाली लावता येत होतं. आणि अर्थात मलाही मेमो मिळणार होता. तो दोन दिवसांनी मिळाला. त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

काका मात्र संतापले. तीन दिवस माझ्याशी फक्त तापमान आणि दाबाबद्दल बोलले. चौथ्या दिवशी म्हणाले, "माज्या चार्जात हात घातलास, पोरी." मी म्हटलं, "पुरा चार्ज दिला, काका." ते त्या दिवशी खुर्चीवर बसले आणि मला बस सुटेपर्यंत आपल्या भाताच्या नव्या बियाण्याबद्दल सांगत राहिले.

निबंधाच्या शेवटच्या तीन ओळी मी बदलल्या. पत्र दिलं, मेमो मिळाला, एवढंच लिहिलं. काय शिकले ते लिहिलंच नाही. घेणारा खुळा नसतो यावर विश्वास ठेवला. मुलाखतीत तीन प्राध्यापक होते. निम्मा वेळ त्यांनी काकांबद्दलच विचारलं. ते गृहस्थ अजून नोकरीत आहेत का, त्यांनी पत्र वाचलं का, रागावले का. मी काकांचा एसटीतला चार्जही सांगितला. त्यांतल्या एक बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. महिन्याभराने प्रवेशाचं पत्र आलं. बाबांनी ते देवापुढे ठेवलं आणि गावभर सांगत सुटले, जणू त्यांनीच निबंध लिहिला होता.

काका तोवर रिटायर झाले होते. निरोपाच्या दिवशी त्यांना भाषण करायला सांगितलं तर त्यांनी अख्ख्या प्लांटचा चार्ज दिला, कुठली शिडी डुगडुगते इथपासून कुठल्या ऑपरेटरला उपाशीपोटी बोलायचं नाही इथपर्यंत. मी पेढे घेऊन त्यांच्या गावी गेले ती जायच्या आदल्या रविवारी. चौकवरून आत, शेतांच्या कडेला त्यांचं घर. अंगणात प्लॅस्टिकचा कागद घालून झाकलेली स्कूटर. काकींनी मला आत बसवलं, पेढा देवापुढे ठेवला. काका खाटेवर बसले होते, फार खूश होते, पण काहीसे दबून बोलत होते.

"रिक्षा मिळाली का गं?" काकींनी विचारलं.

"चौकपर्यंत एसटीने आले, पुढे चालत. काका, स्कूटर विकायचीय का? धूळ बसलीय तिच्यावर."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. काकीच म्हणाल्या, "पोरानं चावी काढून घेतली, दोन वर्सं झाली. तो आला की तोच फिरवतो. यांचं आता ध्यान राहत नाय ना. कंपनीनंच लिवून दिलंय."

मला कळेना. काकी उठल्या, कपाटातून एक घडी घातलेला कागद आणला. तो काकांना मिळालेला मेमो होता. मुलाने तो वाचून दाखवला होता आणि घरात सगळ्यांनी समजून घेतलं होतं की वडिलांचं डोकं आता चालत नाही. "गॅसकडं जाऊ देत नाय मी यांना. दूध उतू घालवतील," काकी माझ्याजवळ सरकून, जणू आजारी माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. "दुकानात धाडलं तरी हातात चिठ्ठी देते. केस कापायलासुदा शेजारचा घेऊन जातो."

दोन वर्षं! मी काकांकडे बघितलं. "काका, तुम्ही यांनाही खरं सांगितलं नाही?"

"हिचा भाचा आपल्या कॅन्टीनला हाय," काका पुटपुटले. "हिला सांगितलं असतं तर संध्याकाळपतुर प्लांटला कळलं असतं. तुजं प्रोबेशन चालू होतं."

"मग नंतर?"

"नंतर काय... सवय झाली."

साहेबांनी शिक्का मारून दिलेली माझ्या पत्राची प्रत पर्समध्ये होती. ती काकांना द्यायला आणली होती. मी ती काढली आणि काकींना मराठीत वाचून दाखवली. व्हॉल्व्ह मी बंद केला. उघडायला मी विसरले. यांना मी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे यांच्या ध्यानातून काही जाण्याचा प्रश्नच नव्हता. बॅच का तापली ते यांनीच शोधून काढलं आणि सगळ्यांना वाचवलं. खालच्या सहीपर्यंत मी सगळं वाचलं.

काकींनी एकदा हातातल्या मेमोकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला दोन शब्द सुनावतील. सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते. त्या उठून आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात स्कूटरची चावी होती, तांदळाचा कोंडा लागलेली. त्यांनी ती पदराला पुसली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"उठा," त्या म्हणाल्या. "पोरीला चौकपतुर सोडून या. आन् येताना हळद आना, काडेपेटी आना, माज्या गुडघ्याचं तेल आना." दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या. "लिवून देत नाय."